मोरस बेटाचं प्रस्थान

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, मला नीट सांगता येणार नाही. आमच्या बीडकडं भानामतीचा फार बोलबाला. कुणाच्या घरावर दगड पडतात, कुणाच्या पेटीतली लुगडी आपोआप जळतात... मी लग्न होऊन पाटोद्याला आले त्याच वर्षी शेजारच्या आळीत असा प्रकार चालला होता. सगळा गाव मांत्रिक शोधत होता. मी आपली मनात म्हणत होते, त्या घरच्या थोरल्या सुनेला महिनाभर माहेरी धाडा, दगड थांबतील. तिला धाडलं, आणि थांबले. पण मी हे कुणाजवळ बोलले नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

लिहिताना तसं होत नाही. पुतणी चंद्रा एक मासिक आणते, त्यात बायका आपापले अनुभव लिहितात, खाली नाव न घालता. ती मला वाचून दाखवते. तिचीच एक अर्धी कोरी वही उरली होती, तीत हे लिहिते आहे. मासिकाला धाडायचं नाही. पण कुठंतरी एकदा सगळं ओळीनं मांडून ठेवावं असं फार वर्षं वाटतंय.

माझं माहेर नगरचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं, म्हणून मला मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत जायला मिळालं. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि माझा भाऊ सखाराम पाच वर्षांचा. शाळा सुटली आणि सखाराम कडेवर आला. तो मला आक्का म्हणायचा. सासरी मला दीर वैनी म्हणतात, गावातल्या बायका मालकीणबाई म्हणतात. आक्का म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस.

माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी वडील प्लेगात गेले. सखाराम हाताशी आल्यावर मुंबईला एका पेढीवर कारकून म्हणून लागला, आणि पेढीनं त्याला मोरस बेटावर धाडलं. पांढऱ्या साखरेला आपल्याकडं मोरस साखर म्हणतात ना, ती ज्या बेटावरून यायची तेच हे. त्याला निरोप द्यायला आम्ही नगरच्या स्टेशनावर गेलो होतो. मी त्याच्यासाठी नवी टोपी नेली होती. ती त्यानं डोक्यावर चढवली आणि जुनी काळी टोपी माझ्या हातात दिली. म्हणाला, "आक्का, ही तुझ्यापाशी राहू दे. आलो की घालीन."

त्या टोपीचं अस्तर एका बाजूनं उसवलं होतं. ते मागं मीच शिवलं होतं. काळा दोरा घरात नव्हता म्हणून लाल दोऱ्यानं, सहा टाके. सहावा टाका वाकडा आला होता, कारण हा शेजारी उभा राहून घाई करत होता.

सहा वर्षं गेली. मला मूलबाळ झालं नाही. ती टोपी माझ्या पेटीत तळाशी असायची.

आमचे हे पाटोद्याच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होते. दिवसभर उर्दू कागद लिहायचे आणि घरी आले की मराठी पुस्तकं वाचायचे. जगाचा एक मोठा नकाशा त्यांनी औरंगाबादहून आणला होता, तो ओसरीत भिंतीला लावलेला असे. सखारामचं पत्र आलं की हे आधी नकाशापाशी जाऊन उभे राहत, बेटावर बोट ठेवत, मग पत्र फोडत. मला वाचता येत होतं, तरी मोठ्यानं हेच वाचत. मला ते आवडायचं.

त्या वर्षी पौषात आलेल्या पत्राबरोबर एक चित्राचं कार्ड होतं. समुद्रातून उभा डोंगर, त्याच्या शेंड्यावर धूर. सखारामनं लिहिलं होतं की हे चित्र आमच्या बेटाचं नव्हे, शेजारच्या बेटाचं आहे, स्टीमरनं एका रात्रीत जाता येतं. तिथला डोंगर अजून जळतो. आमच्या बेटावरचे डोंगर कधीचेच विझलेत. एका डोंगराच्या तोंडात तर तळं झालं आहे, आणि आपले लोक शिवरात्रीला तिथं चालत जातात. 'आक्का, दाजींना घेऊन हवापालटाला ये. तळ्याजवळ थंड जागी एक लहानसं घर मी तुमच्यासाठी पाहून ठेवलं आहे. चार महिने राहा. सहा वर्षांत तुझ्या हातची भाकरी खाल्ली नाही.'

यांनी पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "काय? जायचं?"

मी पदर तोंडाशी धरला. मला तर ओसरीच्या पायरीवरून तशीच उठून चालायला लागावंसं वाटत होतं. तोंडातून एवढंच आलं, "तुम्ही म्हणाल तसं."

हे म्हणाले, "मग जायचं."

आमचे धाकटे भाऊजी शेती बघायचे. जेवताना त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी हात ताटातच ठेवला. म्हणाले, "दादा, जाळ बघाया समुद्र कावून ओलांडायचा? वैनीनं ओल्या फाट्यांची चूल पेटवली की घरबसल्या दिसतोय की धूर."

हे हसले. मग म्हणाले, "तू ज्या विहिरीचं पाणी पितोस ती तरी कशात खणली आहे? जाळातच."

दुसऱ्या दिवशी ते आम्हा दोघांना मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेले. पाणी खोल गेलं होतं. वर काळा खडक, खाली काळा खडक, आणि मधे वीतभर जाडीचा लाल मातीचा पट्टा, विटेसारखा. यांनी सांगितलं की एकदा जाळाचा लोट आला, थिजला, त्यावर माती साठली, मग दुसरा लोट आला आणि खालची माती भाजून निघाली. आपला सगळा मुलूख असाच झालेला आहे, असं पुस्तकात लिहिलंय म्हणे.

भाऊजी वाकून बघत म्हणाले, "आन् तिसरा कधी येनार हाय?"

सगळे हसलो. पण त्यानंतर विहिरीच्या पायऱ्या उतरताना त्या लाल पट्ट्यावर पाय द्यायला मला कसंसंच व्हायचं. गार असायचा तो. तरीही.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना होता. आधी नगरपर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वेनं मुंबई, आणि मुंबईहून बोट — तीन आठवडे पाण्यावर. यांनी कागदावर याद्या केल्या होत्या. मी तिळाची आणि जवसाची चटणी कुटली, बाजरीचं पीठ जाडंभरडं दळून फडक्यात बांधलं, सखारामला आवडतात म्हणून खारोड्या घातल्या. यांनी सांगितलं होतं की बोटीवरची फळी उन्हानं इतकी तापते की अनवाणी चालता येत नाही. आमच्या घरात बाया वहाणा घालत नसत. म्हणून दुपारी सगळे निजले की मी परसात यांच्या जुन्या वहाणा घालून चालायची सवय करायची. एकदा भाऊजींनी पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात चांभाराकडून माझ्या मापाच्या वहाणा आल्या.

जोशीबुवांनी पंचांग पाहून फाल्गुन शुद्ध तृतीयेचा सकाळचा मुहूर्त दिला. त्यानंतर महिनाभर पश्चिमेला निघायला चांगला दिवस नाही म्हणाले. नेमकी यांची रुखसत, म्हणजे रजा, बीडहून मंजूर होऊन आली नव्हती. कागद आल्याशिवाय हे कचेरी सोडू शकत नव्हते. मग आपल्यात जे करतात तेच ठरलं — प्रस्थान ठेवायचं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते. मुहूर्ताला माणसाला निघता येत नसेल, तर त्याच्या अंगावरचं वस्त्र, थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड असं गाठोड्यात बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. ते गाठोडं गेलं की माणूस निघालं असं धरतात. मग चार-आठ दिवसांनी खरं निघताना वाटेत ते उचलून न्यायचं. ते परत घरी मात्र आणायचं नाही.

हे असल्या गोष्टी मानत नव्हते, पण भाऊजींचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी उपरणं काढून दिलं. मी माझी एक चोळी घातली. गाठोडं बांधताना मी एकटीच होते. आणि माझ्या मनात आलं की सखारामची टोपीही यातच घालावी. त्याच्याकडंच न्यायची आहे, म्हणजे निघालेल्या सामानातलीच ती. मी पेटी उघडली, टोपी काढली, तिच्यातच तांदूळ-सुपारी ठेवली आणि चार टोकांची गाठ मारली.

चूक म्हणाल तर ती ही. प्रस्थानात निघणाऱ्याचंच वस्त्र घालतात. जो तिकडं पोचलेला आहे त्याचं घालत नाहीत.

नगरच्या वाटेवर, ओढा ओलांडला की राहीबाई धनगरणीचं घर होतं. गावाच्या पश्चिमेचं शेवटचं घर ते. नवरा आणि मुलगे मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर, आणि राहीबाई दोन-चार आजारी शेळ्यांसह घरी. आमच्या घरी ती लोकर आणून द्यायची. सडेतोड बाई. मी गाठोडं तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं विचारलं, "कुनाकुनाचं हाय यात?"

मी म्हणाले, "आमचं दोघांचं."

टोपीचं सांगायला हवं होतं. पण मग कुणाची, कशाला, एवढं सगळं बोलावं लागलं असतं, आणि भाऊजी शेजारी उभे होते. मी मान खाली घातली. राहीबाईनं गाठोडं आतल्या कोनाड्यात ठेवलं.

सप्तमीला सकाळी राहीबाई आमच्या परसदारी आली. घरात गडीमाणसं कुणी नव्हती. उंबऱ्याबाहेर बसली, पाणी मागितलं, प्याली, आणि मग म्हणाली, "मालकीणबाई, तुमच्या गाठुड्यात काय जिनस हाय?"

मी म्हणाले, तांदूळ, सुपारी, कापडं.

"कापडं ऊन ऱ्हात्यात व्हय?"

तिनं जे सांगितलं ते असं. दुसऱ्या दिवसापासून शेळ्या कोनाड्याच्या बाजूला बसेनात. दावणीला बांधल्या तरी दावं ताणून दुसऱ्या भिंतीला जाऊन उभ्या राहत. तिनं गाठोड्याला हात लावला तर ते ऊन. तव्यासारखं नाही — नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखं. आणि वास येत होता.

मी तिच्याबरोबर गेले. घरात शिरले तर वास खरंच होता, गंधकाचा. आता, मेंढरांना खरूज झाली की धनगर गंधक लावतात, त्यांच्या घरी गंधक असायचंच. मी तसं म्हणालेही. राहीबाई म्हणाली की मेंढरं दिवाळीपासून बाहेर आहेत, घरात चिमूटभर गंधक नाही.

मी कोनाड्यातल्या गाठोड्यावर हात ठेवला. ते ऊन होतं. कोनाडा पूर्वेच्या भिंतीत, वर आढं, ऊन येण्याची सोय नाही. आणि फडक्याच्या खालच्या बाजूला पांढरं काहीतरी वाळलं होतं. मी बोटाला लावून चाखलं. मीठ.

मला तेव्हा काय झालं ते अजून सांगता येत नाही. इतकंच वाटलं की हे इथं ठेवायचं नाही. हे घरी न्यायचं. मी गाठोडं उचलून कडेवर घेतलं, सखारामला घ्यायची तसं, आणि वरून पदर ओढला.

राहीबाई दारात आडवी आली. "परस्थान माघारी न्यायचं न्हाई, बाई. निघालेलं मानूस मधीच तुटतंय."

मी म्हणाले, "निघालंय कोण? आम्ही दोघं तर घरीच आहोत."

"ते तुमी मला कावून सांगताय," ती म्हणाली. "गाठुड्याला सांगा."

तरीही मी तिला ओलांडून गेले. मोठ्या माणसाला असं ओलांडून जायची माझ्यात हिंमत कधीच नव्हती, आणि पुन्हा कधी आली नाही.

सूर्य डोक्यावर येऊन नुकताच कलला होता. राहीबाईच्या घरापासून आमचं घर फार लांब नाही. उतार, मग ओढा, मग चढ. ओढ्याला पाणी नव्हतं. वाटेवर कुणी नव्हतं. मी उतार संपवून ओढ्यात पाय ठेवला, तेव्हा मागून हाक आली.

"आक्का."

लांबून आली, चढावरून धावत येणाऱ्या माणसाची असते तशी, दम लागलेली. मी थांबले नाही. आपल्याकडं लहानपणापासून शिकवतात की भर दुपारी ओसाड वाटेवर मागून हाक आली तर वळायचं नाही, ओ द्यायची नाही. मी असल्या गोष्टी मानत नव्हते असं वर लिहिलंय ना? पण त्या वेळी मी ते अगदी शब्दाला शब्द पाळलं. पावलं भरभर टाकली. पुन्हा हाक आली, जरा जवळून. "आक्का, थांब की." मी गाठोडं आणखी आवळून धरलं. ते आता फार तापलं होतं, कमरेला चटका बसत होता.

तिसरी हाक मी ओढा चढून वर आले तेव्हा आली. ती अर्धीच होती. 'आ' तेवढा ऐकू आला.

मग काही नाही. गाठोडं एकाएकी थंड पडलं, आणि हलकं झालं.

घरी येऊन मी माजघराचं दार लावलं आणि गाठ पाहिली. माझीच गाठ होती. मी गाठ मारताना शेवटी एक पीळ उलटा देते, तो तसाच होता. सोडली. यांचं उपरणं होतं. माझी चोळी होती. तांदूळ, सुपारी, हळकुंड होतं, तांदूळ मोकळे फडक्यात सांडलेले. टोपी नव्हती.

तांदळात मूठभर काळी वाळू होती. जाड, हलकी, दाणे सच्छिद्र. आमच्या ओढ्यात काळे खडे असतात, पण ते असे नसतात. मी त्यातला एक मोठा खडा पाण्याच्या तांब्यात टाकला. तो बुडाला नाही.

मी यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? सहा वर्षं जिची वाट पाहिली ती भेट महिन्यावर आली होती. मी तोंड उघडलं आणि जाणं राहिलं तर? मी वाळू एका पुरचुंडीत बांधून फडताळात मागं ठेवली, आणि राहीबाईकडं निरोप धाडला की कुणाजवळ बोलू नकोस. तिनं निरोप आणणाऱ्याला सांगितलं, मी कशाला बोलू, मला माझ्या शेळ्या आहेत.

नवमीला रुखसत मंजूर होऊन आली. दशमीला आम्ही निघालो. राहीबाईच्या घरापाशी गाडी थांबवून हे उतरायला लागले, तेव्हा मी हळूच म्हणाले की प्रस्थान मी आधीच घरी आणलंय, बोचक्यात आहे. हे म्हणाले, "बरं झालं, खोळंबा नको." राहीबाई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

मुंबईला पोचलो त्याच दिवशी बोटीच्या तिकिटांची चौकशी करायला हे मला घेऊनच पेढीवर गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले. आतून मुनीमजींचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. बराच वेळ झाला. हे बाहेर आले तेव्हा त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं होतं. ते माझ्याशेजारी बाकावर बसले. चारचौघांत ते माझ्याशेजारी कधी बसत नसत. तेवढ्यावरूनच मला कळलं.

तार चार दिवसांपूर्वी आली होती. आम्हाला पाटोद्याला कळवायचं पत्र त्यांनी टाकलं होतं, ते वाटेत आम्हाला चुकलं. तारेत फक्त एवढंच होतं की सखाराम सप्तमीच्या दिवशी तळ्यात बुडून गेला. तारीख इंग्रजी होती, यांनी पंचांगाशी ताडून पाहिली.

आम्ही परत आलो.

श्रावणात पार्सल आलं, आणि पत्र. पत्र सखारामच्या खोलीतल्या सोबत्याचं होतं, रघुनाथ नावाच्या कोकणातल्या माणसाचं. ते यांनी मला वाचून दाखवलं नाही, हातात दिलं. मी स्वतः वाचलं. शब्द न् शब्द पाठ आहे, पण मोजकंच लिहिते.

त्या दिवशी सकाळी दोघं डोंगरावरच्या घराला चुना लावायला गेले होते. आक्का येणार म्हणून सखाराम चार दिवस हरखून गेला होता, असं त्यांनी लिहिलं होतं. अकराच्या सुमाराला रघुनाथ चुना कालवत होते. सखाराम दारात उभा होता. तो एकदम म्हणाला, "आक्का आली." रघुनाथ म्हणाले, बोट अजून महिनाभरानं आहे. तो म्हणाला, "ती बघा, वर चाललीय. कडेवर गाठोडं आहे." आणि धावत सुटला. रघुनाथांना वाटेवर कुणी दिसलं नाही. पण खालून येणाऱ्या एका मजुरानं मागाहून सांगितलं की हिरव्या लुगड्यातली एक बाई भरभर वर जात होती, अनवाणी, कडेवर पदराखाली काहीतरी धरलेलं.

'आपल्या भावानं तीन हाका मारल्या,' त्यांनी लिहिलं होतं. 'त्या मी माझ्या कानांनी ऐकल्या. तिसरी अर्धीच होती. काठावर शेवाळ आहे. मी पोचलो तेव्हा पाण्यावर फक्त टोपी होती.'

सप्तमीला मी हिरवं लुगडं नेसले होते. यांना ते ठाऊक नव्हतं, हे कचेरीत होते.

पत्र वाचून झाल्यावर मी यांना सगळं सांगितलं. लग्नानंतर एका बैठकीत इतकं मी कधी बोलले नव्हते. हे उठले आणि नकाशापाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभ्या रेघा मोजत होते. मग म्हणाले, तिकडं सूर्य आपल्यापेक्षा तासाभरानं मागं असतो. त्यांचे अकरा म्हणजे आपली दुपार.

पार्सल दुसऱ्या दिवशी उघडलं. दोन सदरे, एक धोतर, माझी पत्रं दोऱ्यानं बांधलेली, नवी टोपी — नगरच्या स्टेशनावर मी दिलेली, फार न वापरता जपून ठेवलेली. आणि खाली कागदात गुंडाळलेली एक जुनी काळी टोपी. कागदावर रघुनाथांच्या अक्षरात होतं : 'पाण्यावर मिळाली ती. ही त्यांच्याकडं आम्ही आधी कधी पाहिली नव्हती.'

अस्तराला लाल दोऱ्याचे सहा टाके. सहावा वाकडा.

यांनी फार प्रयत्न केले. म्हणाले, टोपी तू गाठोड्यात घातलीस असं तुला वाटलं असेल. खरं तर ती त्यानं तेव्हाच नेली असेल. मी त्यांना माझ्या पेटीचा तळ दाखवला. सहा वर्षं टोपी ठेवली होती तिथं कागदावर गोल डाग पडलेला होता. मग म्हणाले, राहीबाईच्या घरी कुणीतरी गाठ सोडली असेल. बरं, सोडली. पण मोरस बेटावर कोण नेणार? फडताळातली वाळू यांनी औरंगाबादहून घरी आलेल्या एका शिकलेल्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, ही जळत्या डोंगराची आहे, समुद्रावर तरंगत येते कधीकधी, कोकणच्या किनाऱ्याला सापडते. पाटोद्यापासून समुद्र किती लांब आहे ते मी त्याला विचारलं नाही. मी पडद्याआड होते.

यांनी नकाशा भिंतीवरून काढून गुंडाळून ठेवला. वहाणा मी भाऊजींच्या बायकोला दिल्या.

राहीबाईकडं मी पुढं एकदाच तो विषय काढला. ती तेव्हा फार थकली होती. मी विचारलं, गाठोडं तुझ्याकडंच राहू दिलं असतं तर काय झालं असतं? मला वाटलं ती म्हणेल, मी सांगितलं होतं. ती तसं म्हणाली नाही. लोकर पिंजता पिंजता म्हणाली, "मला काय म्हाईत, बाई. तुमी भेटला असता, नायतर दोघंबी गेला असता. त्ये कुनालाच म्हाईत न्हाई."

हेही आता राहिले नाहीत. या सगळ्याचा उलगडा मला झालेला नाही, आणि आता होईल असं वाटत नाही. भानामती खोटी आहे असं मी आजही म्हणते. चंद्राला सांगते, भर दुपारी मागून हाक आली तर वळू नये वगैरे सगळं खुळचट आहे, खुशाल वळून बघत जा.

ती विचारते, काकू, तू वळशील का?

मी रोज वळते. ओढ्याशी गेले की थांबते, वळते, आणि त्या मोकळ्या उताराकडं बघत उभी राहते. पण हाक पुन्हा कधी आली नाही.